रंजीताचे दोन कोळसे

जऊळक्याच्या लोहाराले इचारा, मालेगावच्या ढाब्यावाल्याले इचारा, लग्नाच्या आचाऱ्याले इचारा, कोळसा कोनाचा घ्यावा. गोविंदसिंगचा म्हनतीन. तो गोविंदसिंग मी. सातवी शिकेल हावो, पन भट्टीचा धूर पाहून आतलं लाकूड कुठवर आलं ते सांगतो, आन आजवर चुकलो नाई. माही लहान बहीन रंजीता ह्याच कोळशावर अमरावतीले पीएचडी करून राह्यली. आमच्या तांड्यात पोरगीच काय, पोरगाबी तिथवर गेला नाई. तिची गोष्ट तिनं लिहाव तर ते म्हनते, त्यात काय हाये? म्हनून मी लिहून राह्यलो.

मांगच्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी मी तिले घ्याले मालेगावच्या बसस्टँडवर गेलो. दर बारीले उतरल्याबरोबर बोलते, काकी कशी हाये, भट्टी लागली काय. त्या दिवशी गुमान मोटरसायकलवर बसली. जऊळक्याचं रेल्वे फाटक ओलांडलं तवा मांगून आवाज आला.

"भिया, सोमवारी समिती हाये. त्याइच्यासमोर फरक दिसला नाई तर माहा विषय बंद."

आमच्यात मोठ्या भावाले भिया म्हनतात. मी गाडी बाजूले लावली.

विषय काय ते सांगतो, नाई तर पुढचं समजाचं नाई. पहिले आमचा तांडा दसरा झाला की ऊसतोडीले जाये. कारखान्याच्या चिमनीखाली आमच्या पाचटाच्या कोप्या. माय लवकर गेली, म्हनून मी फडात कोयत्यावर आन रंजीता रामीबाई काकीजोळ. बाकी पोरं धुरानं खोकलत आन खेळत. रंजीता इचारे, "धूर वर जाते, मंग खोकला खाली कसा येते?" मास्तरले इचारलं, मुकादमाले इचारलं, ट्रॅक्टरवाल्याले इचारलं. कोनी सांगतलं नाई, मंग तिनं सोताच शिकून पाह्यलं. मी ऊसतोड सोडून कोळशाच्या भट्ट्या लावाले लागलो ते तिच्या शाळेपायीच. एका जागी राहाव लागन ना.

ते म्हनते, बॉयलरमंधी जाळ लय तापला की हवेतला नायट्रोजन आन ऑक्सिजन एकमेकाइले चिकटतात. त्याचा जो वायू होते तो छातीले वाईट, पिकालेबी वाईट. पन तोच वायू तापेल कोळशावरून नेला तर कोळसा त्यातला ऑक्सिजन हिसकून घेते. मांगं उरते तो साधा नायट्रोजन, आपन रोज नाकातून घेतो तो. आता सगळा कोळसा सारका हिसकत नाई. लाकूड कसं तापवलं त्यावर हाये. ज्वारी कोमट तव्यावर ठेवली तर नुसती भाजते, दाना तसाच. तापेल कढईत टाकली तर पोट फुटून लाही होते. दाना तोच, जाळ येगळा. लाकूड भट्टीत सावकाश तापलं तर आतली वाफ, आतला वायू हळूहळू निघून जाते आन कोळसा घट्ट बसते. एकदम तापवलं तर सगळं एकाच येळी बाहेर पडाले धावते, आतल्या भिंती फाटतात, मोठी भोकं पडतात, कडा खरबऱ्या राह्यतात. रंजीताचं म्हननं असं, का त्या खरबऱ्या कडाच त्या वायूले जास्त धरतीन.

हे तिनं समितीपुढं लिहून देल्लं होतं. मंग मले फोन केला. आमच्या वावराच्या धुऱ्यावर एक विलायती बाभूळ वावधनानं पडेल होती. त्या एकाच झाडाचं लाकूड घेऊन अर्धं भट्टीत सावकाश जाळाचं, अर्धं झाकनाच्या लोखंडी डब्यात घालून भडकत्या जाळात एकदम. मी दोन्ही जाळले. दोन पोते भरून अमरावतीले पाठवले. आन प्रयोगशाळेत तिनं नळीत भरून वायू सोडला, तर दोन्ही कोळसे सारकेच निघाले. यंत्र तपासलं, वायूची टाकी बदलली, पुन्हा लावलं. सारकेच.

"कोळसा तुहा होता भिया. पोते कसे भरले ते सांग," ते म्हने.

मले राग आला. मालेगाव तालुक्यात माह्या कोळशावर कोनी बोट ठेवलं नाई, आन हे घरची पोरगी. मी म्हनलं, "तुह्या यंत्रात खोट असन. माह्या भट्टीत नाई."

"यंत्र तीन जनाइनं पाह्यलं."

"मंग तुह्या विषयातच खोट असन."

हे बोललो आन तिचा चेहरा पाह्यला. गाडीले किक मारली. घरी आलो. काकीनं दोघाइच्या ताटात भाकर वाढली आन दोघाइकडं पाहून इचारलं, कोन मेलं.

शनिवारी सकाळी रंजीता म्हने, डबा मी जाळते. त्याच बाभळीचे थोडे ओंडके घरामांगं उरेल होते. तेवढेच. ते संपले का त्या झाडाचं लाकूड संपलं, आन दुसऱ्या झाडाचं चालत नाई, कारन मंग कोनी म्हनन का फरक झाडाचा हाये, जाळाचा नाई. भट्टीतला सावकाश जळेल कोळसा शिल्लक होता. कमी होती ती दुसऱ्याची.

तिनं ओंडके बारीक फोडले, डब्यात भरले, झाकन तारेनं आवळलं. झाकनाले एक भोक, आतला वायू निघाले. डब्यात एक तार सोडली, हातातल्या यंत्रावर तापमानाचा आकडा दाखवनारी. मी कपाशीच्या पऱ्हाटीचा आन तुराटीचा असा जाळ केला का उभं राहवत नोतं. डबा आत सारला. थोड्या येळानं भोकातून धूर आला, मंग धुराले पेट लागला आन हातभर निळा-पिवळा जाळ फुर्र करत सुटला. रंजीता आकडे पाहे आन म्हने, चढू दे, आनखी चढू दे. मी तुराट्या घालत राह्यलो.

एकदम फुर्र थांबलं.

मले पहिले वाटलं झालं. पन तापमान चढूनच राह्यलं होतं, मंजे आतला वायू संपला नोता. भोक डांबरानं बुजलं होतं. डब्याची बाजू फुगाले लागली. असा डबा फुटला तर काय होते हे मी कारंज्याकडच्या एका भट्टीवर पाह्यलं हाये, त्या मानसाच्या हाताची गोष्ट इथं सांगत नाई. मी रंजीताले ओढलं. ते सरकली नाई. म्हने, बाहेर काढला तर तापनं अर्ध्यातच तुटन, सगळं वाया. म्हनलं, वाया जाऊ दे. म्हने, हे शेवटचं लाकूड हाये.

मी डोक्यावर ओलं पोतं घेतलं, लांब सळई घेतली आन बाजूनं गेलो. समोरून जात नसते, झाकन समोर उडते. सळईचं टोक भोकावर लावलं, घसरलं. दुसऱ्यांदा लावलं, घसरलं. भुवया जळल्याचा वास मलेच आला. तिसऱ्यांदा पूर्न जोर लावला आन भोक मोकळं झालं. जाळ माह्या कानाजवळून गेला. अशी सळई ह्या भागात माह्याशिवाय कोनी घालून दाखवाव.

मांगं पाह्यलं तर रंजीता यंत्र हातात धरून आकडाच पाहून राह्यली. म्हने, "चांगलं चढलं." मंग माह्या तोंडाकडं पाह्यलं आन पानी आनाले पळाली.

डबा काढून मातीत गाडला. गरम उघडला तर हवा लागून कोळसा पेटते. रयवारी सकाळी उघडला. भट्टीतल्या कोळशाले आरशासारकी चमक राह्यते, दोन तुकडे वाजवले का भांड्यावानी आवाज. हा कोळसा मळका, फुगेल, बोटानं दाबला का कुरकुर करे. सांगू नये पन सांगतो, मले लाज वाटली. असा माल मी कोनाले देत नाई. रंजीता मातर त्याले सोन्यावानी पाहे. तिनं सोता पोत्यात भरला, अर्ध्याच्या खालीच झाला, सुतळीनं तोंड बांधलं, ओसरीत ठेवलं. मंग अमरावतीच्या तिच्या सरले फोन लावाले धुऱ्यावर गेली, घरात रेंज नसते; तिथं लय येळ बोलली. मी डब्याची माती झटकाले मांगं गेलो.

ते परत आली आन ओसरीतच थांबली. जोळ गेलो तर ते पोत्याकडं पाहून राह्यली. पोतं गच्च भरेल होतं, तोंडापर्यंत.

रामीबाई काकी खांबाले टेकून बसेल होती, हात काळे. रंजीतानं हळूच इचारलं, काकी, ह्या पोत्याले कोन हात लावला.

"मी लावला," काकी म्हने. "निवडला."

आता आमची रीत सांगतो. आमच्या तांड्यातून कोळशाचं कोनतंबी पोतं काकीच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाई. ते एकएक तुकडा कानाजोळ नेऊन दुसऱ्यावर वाजवते. खनकला तर पोत्यात, बद्द वाजला तर बाजूले. कोनी सांगाव लागत नाई, कोनी इचारत नाई. अंगन झाडल्यावानी होऊन जाते. म्हनून तर माह्या पोत्यात ठिसूळ तुकडा निघत नाई, आन म्हनूनच गोविंदसिंगचं नाव हाये. तिच्या त्या रीतीले मी आजबी नमस्कार करतो.

"सगळाच टाकाच्या लायक होता, एकबी तुकडा खनकला नाई," काकी सांगून राह्यली. "पोरीचं पोतं रितं दिसू नये म्हनून भट्टीतला चांगला भरून देल्ला. मांगच्या बारीलेबी तसंच केलं. तुह्या भावाचं नाव जाते ना तिथं."

रंजीता खाली बसली. तिनं काकीवर आवाज चढवला नाई. मांगच्या बारीचे दोन्ही पोते मंजे एकाच भट्टीचा कोळसा, हे तिले समजलं, मलेबी समजलं. तिच्या यंत्रात खोट नोती. विषयात नोती. आन माह्या भट्टीत तर नोतीच.

"टाकेल कुठी हाये, काकी?"

"लखमा घेऊन गेला. आत्ताच."

लखमा जऊळक्याले स्टेशनच्या रस्त्यावर इस्त्रीचं दुकान चालवते. काकी बाजूले काढते तो हलका कोळसा तो नेते. लवकर पेटते, इस्त्रीले बरा पडते.

मी मोटरसायकल काढली. रंजीता चप्पल न घालताच मांगं बसली. त्या रस्त्यानं मी तशी गाडी कधी हाकलली नाई. खड्डे चुकवले नाई. ते माह्या खांद्याले धरून एकच बोले, तो इस्त्री पेटवत असन भिया, तो इस्त्री पेटवत असन. आन फाटक बंद. मालगाडी. असा राग आला का डब्बे हातानं ढकलाव. फाटकाखालून निघाव म्हनून मी मोटरसायकल वाकवली, फाटकवाल्यानं शिट्टी वाजवून शिवी घातली. मी त्याले दोन घातल्या. गाडी मातर आपल्या चालीनंच गेली.

लखमाच्या दुकानातून धूर निघून राह्यला होता. इस्त्री उघडी, आत लाल इस्तो. त्यानं पोतं बाजूच्या मोठ्या पिंपात रिकामं केलं होतं, आधीच्या कोळशावर, आन हातानं कालवून टाकलं होतं.

मले पाहून म्हने, "या गोविंदसिंग, आज सोता? इस्त्रीचे कपडे कुठी हाये?"

मी म्हनलं, कोळसा वापस दे. त्याले वाटलं भांडाले आलो. म्हने, दिवाळीले एक सदरा जळला होता, त्याचा राग धरून बसले काय तुमी. रंजीता पिंपापाशी गुडघ्यावर बसली. वरचे तुकडे उचलून पाहे, खाली ठेवे. मी म्हनलं, घे ना, हाच तर हाये वरवरचा. मळका दिसते, फुगेल दिसते, तोच हाये.

"नाई," ते म्हने. "यात मांगच्या बारीचाबी हाये, दुसऱ्या झाडाचाबी हाये. एक तुकडा चुकला तर उद्या मीच खोटी."

"कोनाले समजनार हाये?"

ते माह्याकडं अशी पाह्यली का मी पिंपावरचा हात काढला.

लखमाले आता गोष्ट समजली. बिचाऱ्यानं इस्त्रीच पुढं केली, म्हने यात तर आजचाच घातला, वर पानी मारू काय. रंजीतानं मान हलवली. पेटेल कोळसा चालत नाई, पुन्हा तापला का आतली भोकं बदलतात. मंग तिनं इचारलं, पोतं कुठी? लखमानं कोपऱ्यातलं, काकीनं आजच देल्लेलं कोरं पोतं देल्लं, रिकामं. तिनं ते उलटं केलं. खालच्या शिवनीत, दोन्ही कोपऱ्यात, बारीक तुकडे आन भुगा अडकेल होता. सुतळी उसवून तिनं एकएक कन काढला, लखमाच्या धुयेल कपड्यावर. मूठभर झाला नाई. तिनं तो पानी पिन्याच्या स्टीलच्या ग्लासात भरला, वरून प्लास्टिक बांधलं.

"एवढ्यात होईन?" मी इचारलं.

"दोन नळ्या होतीन," ते म्हने. "तिसरी नाई."

सोमवारी मी सोबत गेलो. एकटी नेऊ देल्ला नसता मी तो ग्लास. प्रयोगशाळेत तिचे सर, आन समितीचे दोन सर आन एक म्हाताऱ्या मॅडम. मले कोपऱ्यात स्टूल देल्लं. रंजीतानं दोन्ही कोळसे एकाच चाळनीतून चाळले, सारक्या वजनाचे केले. पहिले भट्टीतला, माहा, काचेसारक्या एका नळीत, नळी विजेच्या भट्टीत. एका बाजूनं वायू जाये, दुसऱ्या बाजूनं निघे, आन पडद्यावर आकडा दिसे, किती वायू तसाच बाहेर आला. आकडा खाली गेला, पन थोडाच, आन थांबला. माहा कोळसा असा थांबन हे मले पाहवत नोतं, पन पाह्यलं.

मंग दुसरा. आकडा भरभर उतरला. मी स्टुलावरून उठलो. सरनं मान हलवली. मॅडम काही लिहाले लागल्या. तेवढ्यात रंजीता म्हने, थांबा. नळीच्या जोडाजोळ साबनाचं पानी लावलं, बुडबुडे आले. वायू मधातूनच निसटून राह्यला होता. कोळशावरून कमी वायू गेला तर आकडा कमीच दिसन. आकडा तिच्या बाजूनं होता, कोनाले दिसलं नोतं, आन तिनंच सांगतलं का हे धरू नका.

माहा जीव तिथंच गेला. एक नळी उरली.

तिनं जोड नवा बसवला. साबन लावलं, बुडबुडा नाई. ग्लासातला उरेल कोळसा कागदावर ओतला, कागद टिचकीनं वाजवून शेवटचा कनबी नळीत गेला. सरनं म्हनलं, मी घालू काय. ते म्हने, नाई सर. भट्टी तापली. वायू सोडला. आकडा होता तिथंच राह्यला. मले वाटलं झालं, संपलं. मंग हलला. उतराले लागला, भरभर नाई, पन थांबेचना. माह्या कोळशाच्या आकड्यापाशी आला, तिथं जरासा रेंगाळला, आन खाली गेला. आनखी खाली. मॅडमनं चष्मा काढून पुसला आन पुन्हा पाह्यला.

त्याइनं खूप प्रश्न इचारले. कन बारीक होते म्हनून फरक पडला नसन काय? चाळनी एकच होती, तिनं सांगतलं. जाळ किती तापला होता? तारेचे आकडे दाखवले. एकदम तापून मंग लय येळ जाळात ठेवला असता तर? मंग आतून घट्ट बसला असता, फायदा कमी झाला असता, असं वाटते, पन करून पाह्यलं नाई, ते म्हने. पाह्यलं नाई ते पाह्यलं नाई असंच सांगतलं. शेवटी मॅडम म्हनल्या का एकाच नळीवर सिद्ध झालं असं नाई, पन विषय चालू राहीन. जाळाच्या येगयेगळ्या तऱ्हा करा, दर बारीले तीन नळ्या लावा.

मी उभा राह्यलो आन म्हनलं, दोन्ही कोळसे माह्याच हातचे हाये, सायेब, डब्याची सळईबी मीच घातली. माह्या जळेल भुवया पाहून मॅडम हासल्या. रंजीतानं कपाळाले हात लावला, पन हासली तेबी.

ते सगळे गेले तवा रंजीता स्टुलावर बसली आन म्हने, "भिया, काकीले तेवढं सांग. आता माह्या पोत्याले हात लावू नको म्हन."

म्हनलं, "तूच सांग. माही हिंमत नाई."

तिनं फोन लावला. विषय राह्यला हे सांगतलं, मंग कोनता कोळसा जिकला तेबी सांगतलं. तिकडून काकीचा आवाज मले कोपऱ्यातूनबी ऐकू येऊन राह्यला होता. ठिसूळ माल मोठ्या लोकाइसमोर मांडला, आन वर सांगते जिकला म्हनून? तांड्याचं नाव बुडवलं काय तुनं? समितीच्या चार जनाइसमोर जिनं डोळे खाली केले नोते ते माही बहीन फोन कानाले लावून भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली, आन म्हनत गेली, व्हय काकी, व्हय काकी.